एकशे सात पिंडी

“जिंकल्या ना? मंग मरतेत कामून?”

माईंनी हे विचारलं तेव्हा त्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत चिखलात होते.



सांगायला ऋजुताकडे पुष्कळ होतं. नांदेडच्या एका कॉलेजात ती सात वर्षं सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत होती. अंगात रोग शिरला की त्याच्याशी झुंजणाऱ्या पेशी एकीच्या हजार होतात, रोग हटला की त्यांतल्या बहुतेक सगळ्या आपल्या आपण मरतात, हा भाग ती दर जानेवारीत एका तासात उरकत असे. परीक्षेत त्यावर चार मार्कांची टीप येई. पण ‘का मरतात’ असं सात वर्षांत एकाही पोराने विचारलं नव्हतं.

खरं सांगायचं तर तिनेही नव्हतं.

कयाधू नदीच्या काठी, गावापासून जरा खालच्या अंगाला महादेवाचं एक बसकं देऊळ आहे. रेवापुरी माई तिथल्या गोसावीण. वय सत्तरीच्या पुढे. किती पुढे, ते त्यांनी मोजायचं सोडून दिलेलं. रोज सकाळी नदीकाठच्या मातीच्या एकशे आठ पिंडी वळायच्या, त्यांत महादेवाला बोलवायचं, बेल वाहायचा, आणि दुपार व्हायच्या आत सगळ्या पिंडी नदीत सोडून द्यायच्या, असा त्यांचा नेम. शेवटची पिंड विरेपर्यंत तोंडात पाण्याचा थेंब नाही. चाळीस वर्षांत एकही पिंड दुसऱ्या दिवसाला उरलेली नव्हती.

ऋजुता काही स्वतःच्या इच्छेने तिथे आली नव्हती. श्रद्धा सासूबाईंची. त्यांचं म्हणणं एवढंच, की नातीला एकदा माईंच्या पायावर घाल आणि अंगारा घेऊन ये. शिकलेल्या सुनेने नाही म्हणायला हवं होतं. पण आई घाबरलेली असली की तिच्यातली शिकलेली बाई सगळ्यात आधी रजेवर जाते.

माईंनी मात्र आल्या आल्या सांगून टाकलं होतं, “अंगारा न्हाई मिळत हितं. चिखल मिळतो.” आणि साडेचार वर्षांच्या जुईपुढे चिखलाचा एक गोळा सरकवला होता.

जुई खूश.

तिच्या मानेच्या दोन्ही बाजूंना आवळ्याएवढ्या गाठी होत्या. पोट पुढे आलेलं, कारण आत पाणथरी, म्हणजे प्लीहा, सुजलेली. सहा महिन्यांपूर्वी तिला साधा ताप आला होता, बालवाडीतल्या अर्ध्या पोरांना आला होता तसाच. पोरांचे ताप गेले. जुईचाही गेला. गाठी तेवढ्या राहिल्या, आणि वाढत गेल्या.

माईंनी त्या गाठींवरून हाताचा पालथा, कोरडा भाग फिरवला होता. हे काय आहे ते मला उमजेल असं सांग, म्हणाल्या होत्या. ऋजुताने वर्गातल्या आवाजात सुरुवात केली. पेशी, झुंज, विजय, मरण... आणि नेमकं तिथे माईंनी तिला अडवलं होतं.

“सांग की. जिंकलेल्याचा तर सत्कार करतेत लोक.”

“त्यांचं काम संपलेलं असतं ना, माई.”

“काम संपलं म्हणून कोन मरतं? माझं कवाच संपलंय.”

ऋजुताला हसू आलं. तिला आठवेना, शेवटचं कधी आलं होतं ते.

“मारतं कोन त्यांला?” माईंनी पुन्हा विचारलं.

“कुणी नाही. तेच तर आहे. आतूनच उमगतं त्यांना. किंवा शेजारची पेशी हात लावून सांगते, झालं आता. मग ती...”

ती शब्द शोधत राहिली. पुस्तकात ‘नियोजित पेशीमृत्यू’ असा शब्द होता. तो इथे नदीकाठी काढणं म्हणजे बारशाला हेल्मेट घालून जाणं.

“मग ती आवरायला घेते,” ती म्हणाली.

“आवराया?”

“परगावी निघालेली बाई घर आवरते ना, तसं. आतल्या सगळ्याचे लहान लहान तुकडे करते. एकेकाची पुरचुंडी बांधते. बाहेर खूण लावते, मला उचला म्हणून. शेजारच्या पेशी येतात आणि त्या पुरचुंड्या खाऊन टाकतात. सांडत काही नाही. सांडलं तर भोवती आग होते, सूज येते... तर ते होऊ देत नाही. थोड्या वेळाने तिथे कुणी होतं, हेसुद्धा कळत नाही.”

बोलता बोलता वर्गातला आवाज कुठे गळून पडला ते तिला समजलं नाही.

माई हात थांबवून ऐकत होत्या.

“जाताना आपला कप धुऊन पालथा घालून गेल्यावानी,” त्या म्हणाल्या.

“हो... तसंच.”

“रोज किती जात्यात अशा?”

“अब्जांनी. आत्ता, आपण बोलतोय तेवढ्यातही.”

माईंनी आपल्या चिखलाच्या हातांकडे पाहिलं. मग मान खाली घालून स्वतःच्या छातीकडे. बराच वेळ.

“आनि आवाज न्हाई,” त्या हळूच म्हणाल्या. “एवढ्या जणी उठून चालल्या, आनि मला वाटतंय मी बसलेय.”

मागे नदी वाहत होती. पाणी गुडघाभरच, पण स्वच्छ...

“नुस्ती बसू नको,” माई म्हणाल्या. “हात चालव.”

ऋजुताने ओढणी कमरेला खोचली. पिंड म्हणजे अंगठ्याएवढी वळकटी, खाली तिला बसायला चपटी बैठक, आणि वाहिलेलं पाणी निघून जायला बैठकीला एका अंगाला चोच. अवघड काही नव्हतं. काचेच्या नळीतून थेंब थेंब मोजून सोडणारे तिचे हात. तिच्या पिंडी रेखीव निघाल्या. लाकडी पाटावर माईंच्या ओबडधोबड पिंडींशेजारी तर साच्यातून काढल्यासारख्या दिसायला लागल्या. तिने मान किंचित तिरकी करून पाहिलं, माई काही म्हणतात का.

माईंनी तिची पहिली पिंड उचलली, अंगठ्याने दाबली, आणि परत गोळ्यात टाकली.

दुसरी उचलली. दाबली. टाकली.

तिसरीही.

“काय झालं?” ऋजुताचा आवाज जरा चढलाच.

“पैलीत खडा हाय. वाळली की तडकंल, शेजारनीला बी घेऊन जाईल.”

“आणि दुसरीत?”

“भुसभुशीत. कशालाच धरत न्हाई.” माईंनी बोटाला लागलेली तिसरीची माती तिला दाखवली. “ही लई चिकट. पाटालाच धरून बसती. सोडायच्या टायमाला सुटायची न्हाई.”

ऋजुताने नीट पाहिलं तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की माई स्वतःच्या पिंडीही तशाच दाबून बघत होत्या, आणि तशाच टाकत होत्या. पाटावर एकशे आठ बसवायच्या तर तीनशे वळाव्या लागत. बाकी सगळ्यांचा पुन्हा चिखल.

तिचा हात थबकला.

“माई, हे... आत असंच असतं.”

“कसं?”

तिने चिखलाचं बोट जुईच्या छातीवर टेकवलं. या हाडामागे, ती म्हणाली, लहान मुलांना एक ग्रंथी असते. झुंजणाऱ्या पेशी तिथे लहानाच्या मोठ्या होतात. बाहेर पडण्याआधी त्यांना आपल्याच अंगातल्या वस्तू एकेक करून दाखवतात. जी कशालाच धरत नाही, ती बाद. जी आपल्याच अंगाला लई घट्ट धरते, ती उद्या आपल्यालाच चावेल, म्हणून तीही बाद. आणि बाद म्हणजे तिथल्या तिथे मरण.

‘लई’ हा शब्द आपण आत्ता वापरला, हे तिच्या लक्षात आलं, पण तिने तो दुरुस्त केला नाही.

“शंभरात किती पास?” माईंनी विचारलं.

“तीन. फार तर चार.”

माईंचे डोळे मोठे झाले. त्यांनी पाटावरच्या पिंडींकडे पाहिलं, मग जुईच्या छातीवरच्या त्या चिखलाच्या ठिपक्याकडे, आणि तोंडाला हाताची पाठ लावून हसायला लागल्या.

“मी तर लईच मऊ मास्तरीन निघाले की गं.”

जुईची पिंड तोवर तयार झाली होती. ती एका अंगाला कललेली होती, चोच भलतीच लांब झालेली, आणि वरच्या बाजूला काडीने दोन डोळे आणि एक तोंड.

“हा हसरा आहे,” जुईने सांगितलं.

ऋजुता मुलीची समजूत घालायच्या तयारीला लागली. तिच्या स्वतःच्या तीन गेल्या होत्या. ही कुठली राहते. माईंनी पिंड तळव्यावर घेतली. अंगठ्याने दाबली, बाजू फिरवून पुन्हा दाबली. मग पाटावर, कडेच्या रांगेत, अलगद ठेवून दिली.

“ही चालंल.”

“डोळे आहेत तिला,” ऋजुताने पुस्तकी शंका काढली.

“बघू दे की त्याला बी.”

 तिघींचे हात चालू राहिले.

मग माईंनी मान वर न करता विचारलं, “मंग हिच्यात काय अडलं?”

 हा भाग ऋजुताने डॉक्टरांच्या तोंडून ऐकला होता, स्वतः कुणाला कधी सांगितला नव्हता.

“हिच्या पेशीही जिंकल्या. पण झालं म्हणून सांगायला जो निरोप येतो ना, तो घ्यायची कडीच त्यांच्या दाराला नीट बसलेली नाही. जन्मापासून. निरोप दारावर येतो... वाजत नाही. मग त्या राहतात. दुसऱ्या येतात, त्याही राहतात. त्या गर्दीच्या गाठी होतात.”

“बसून खातेत.”

“नुसत्या बसल्या असत्या तरी चाललं असतं.”

तिने जुईचा पायजमा पोटरीवर सरकवला. आत चार-पाच निळे डाग होते, कुठे न पडता उमटलेले.

“आता तिच्याच रक्तावर उठल्यात. जखम झाली तर रक्त थांबवणारे कण असतात, ते संपवायला लागल्यात.”

माईंनी डाग पाहिले. पायजमा पुन्हा खाली ओढला.

“औषध असंल.”

“आहे.”

ते तिच्या पर्समध्येच होतं. अकरा दिवस होतं. लहानशी बाटली, सोबत सुई नसलेली सिरिंज, तिच्यावर रेघा. हैदराबादच्या डॉक्टरांनी नीट समजावलं होतं. या औषधाने पेशींना आवर बसेल, पुष्कळशा मरतील, दर आठवड्याला रक्त तपासू, पण आता थांबू नका. ऋजुताने ‘हो’ म्हटलं होतं. घरी आल्यापासून रोज सकाळी ती बाटली हातात घेई, झाकणावरचं सील अंगठ्याने चाचपे, आणि उद्यापासून, असं म्हणून परत ठेवून देई. नवरा म्हणाला होता, तुला यातलं कळतं, तू म्हणशील तसं. यातलं कळणाऱ्या माणसाला किती एकटं सोडतात लोक.

तिने माईंना ते सगळं सांगितलं. हेही सांगितलं, की या पोरीला आपण गुळवेलीचा काढा, हळदीचं दूध, आवळ्याचा रस, जे जे म्हणून ताकद वाढवतं असं कुणी म्हणालं, ते सगळं पाजलं आहे. बालवाडीतल्या इतर आयांना त्यावर भाषणंही दिली आहेत.

“आणि आता तीच ताकद कमी करायची. माझ्या हाताने. जे तिला राखायला आलं, त्यालाच मारायचं...”

“औषधातलं मला काय कळतंय,” माई म्हणाल्या. “ते डॉक्टरला इचार.”

“विचारलंय.”

“काय म्हन्ला?”

“लगेच सुरू करा.”

“मंग मला कामून इचारतीस?”



उन्हं वर आली. एकशे आठ झाल्या. माईंनी हात धुतले, पदर डोक्यावरून घेतला आणि पूजेला बसल्या. आवाज इतका बारीक, की ऐकायला जवळ सरकावं लागे. माती उचलताना त्यांनी सकाळी महादेवाचं एक नाव घेतलं होतं, वळताना दुसरं. आता पिंडींत बोलावताना त्या तिसरंच घेत होत्या. एकेका पिंडीवर बेलाचं पान, पळीभर पाणी. एकशे आठ वेळा. घाई नाही की कंटाळा नाही. ओल्या मातीच्या त्या रांगा बघता बघता बदलल्या. काय बदललं ते ऋजुताला सांगता आलं नसतं, पण सकाळी ज्याला ती सहज चिखल म्हणत होती, त्याला आता पाय लागू नये म्हणून तिने जुईला मागे ओढलं.

आणि मग तिने ते केलं.

माई तांब्या भरायला पायऱ्यांकडे वळल्या. पाटाच्या कडेला जुईचा हसरा बसला होता, डोक्यावर बेलाचं पान घेऊन. थोड्या वेळात तो पाण्यात जाणार, विरणार. ऋजुताचा हात पुढे झाला. पान बाजूला ठेवलं, पिंड उचलली, रुमालात घेतली, पर्समध्ये घातली. एवढंसं तर होतं. एकशे आठांत एक. अंगाऱ्यावर विश्वास नसलेली बाई ती; पण मुलीच्या हातचं काही पाण्यात बुडताना पाहणं, आणि तेही या दिवसांत... तिच्याच्याने झालं नसतं.

पाट दोघींनी मिळून पाण्यापर्यंत नेला.

माई गुडघाभर पाण्यात उतरल्या. एक पिंड तळहातावर घ्यायची, हात पाण्याखाली न्यायचा, ओठांत काही पुटपुटायचं, बोटं उघडायची. हे पाठवण्याचं नाव. तेही वेगळं. पिंड तळाशी जाऊन बसे, क्षणभर तशीच राही, मग कडा मऊ होत. एकेक करून पाट रिकामा झाला.

माईंनी पाट धुतला, पायरीवर उभा करून ठेवला. आणि ओल्या पातळानिशी तिथेच बसल्या, हात गुडघ्यांवर. उठल्याच नाहीत.

ऊन डोक्यावर आलं.

“आजी, जेवायचं कधी?” जुईने विचारलं.

“एकशे सात गेले, बाय,” माई म्हणाल्या. “एक जायचाय.”

ऋजुताच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

“तुम्ही मोजता?”

“मोजत न्हाई. सगळे गेले की हात हलका होतो. आज झाला न्हाई.”

“एखादी पाटावरच विरघळली असेल,” ऋजुता म्हणाली. जर्नल न लिहिलेली पोरं तिच्यासमोर उभी राहून जसं बोलत, अगदी तसं.

“आसंल,” माई म्हणाल्या.

आणि बसून राहिल्या. सकाळपासून त्यांच्या तोंडात पाणी नव्हतं. ओठांना पापुद्रे आले होते. समोर नदी वाहत होती, हात लांब केला असता तर ओंजळ भरली असती. त्यांनी केला नाही. त्या रागावलेल्याही दिसत नव्हत्या. नुसत्या थांबल्या होत्या, उशिरा येणाऱ्या गाडीसाठी थांबावं तशा.

तहान शेवटी लागली ती जुईला. ऋजुता काही म्हणायच्या आत तिने पाण्याची बाटली काढायला आईची पर्स उघडली.

“आई, माझा हसरा!”

रुमाल सुटला होता. ओल्या मातीची पिंड औषधाच्या खोक्याला चिकटून बसली होती. गाडीच्या किल्ल्या, कंगवा, रक्ताचे रिपोर्ट, सगळ्याला चिखल. जुईने पिंड ओढली, तर खोकंही तिच्यासोबत वर आलं.

माईंनी ते पाहिलं. 

“तिच्या हातची आहे, माई,” ऋजुता म्हणाली.  “मला ती सोडवेना.”

“मी बोलावलंय त्यात त्याला.”

“हो.”

“घरी नेलीस तर रोज जेवाया मागंल. सकाळ-सांज. घालशील?”

“...नाही जमायचं.”

“मंग काय करंल तो?”

ऋजुता चिखलाने माखलेल्या रुमालाची घडी घालायला लागली.

“बोलावलेल्याला वाटंला लावलं न्हाई,” माई म्हणाल्या, “तर तो घरचा होत न्हाई, बाई. घर त्याचं होतं.”

ऋजुताची नजर जुईच्या मानेवर गेली. उन्हात त्या गाठींच्या सावल्या पडल्या होत्या...

जुईला या बोलण्याशी काही कर्तव्य नव्हतं. पिंड खोक्यापासून सोडवून ती सरळ खालच्या पायरीवर गेली होती. माईंना सकाळभर पाहून झालं होतं. आता तिची पाळी. ऋजुता चटकन उठली, हात पुढे केला, आणि तिचं मनगट माईंनी धरलं. नुसतं धरलं. ओला, खरखरीत हात. त्यात जोर नव्हता, पण तिला तो सोडवून घ्यावासा वाटला नाही.

जुईने पिंड तळहातावर घेतली, हात पाण्याखाली नेला, ओठ हलवले. काय म्हणाली देव जाणे. बोटं उघडली.

हसरा तळाशी जाऊन बसला, डोळे वर करून. क्षणभर तो त्यांच्याकडे बघतच होता. मग दोन्ही डोळ्यांतून बारीक बुडबुडे निघाले.

“आई, बघ, तो पाणी पितोय!”

तिघी वाकून पाहत होत्या. आधी तोंड पुसट झालं. मग डोळे. लांब चोच मोडली नाही, ती नुसती मऊ होत होत नाहीशी झाली. तांबूस धुराएवढा एक ढग उठला, प्रवाहाबरोबर जरासा लांबला... आणि पाणी पुन्हा नितळ. तिथे कुणी होतं, हेसुद्धा कळेना.

इतका सुंदर मृत्यू ऋजुताने आजवर फळ्यावर खडूने काढला होता. वर्तुळ, वर्तुळात तुकडे, बाजूला बाण.

माईंनी तिचं मनगट सोडलं. ओंजळ भरून पाणी घेतलं, डोळे मिटून प्यायल्या. दुसरी ओंजळ भरली, तीही प्यायल्या.

ऋजुताने खोक्यावरचा चिखल ओढणीला पुसला. बाटली काढली. सील अंगठ्याने चाचपलं नाही, फोडलं. सिरिंजमध्ये औषध रेघेपर्यंत ओढलं. रेघ तीनदा तपासली. जुईने तोंड उघडलं, गिळलं, नाक मुरडलं.

“चिखलासारखं लागतंय.”

“तू चिखल खाल्लास?”

“थोडासाच.”

माई खुदकन हसल्या. ऋजुताही हसली, आणि हसता हसताच पुन्हा ती जुनी कळ आली. शिकलेल्या आईची भीती अशी सहज हार मानत नाही. ती पुढचा प्रश्न तयार ठेवून असते.

“माई... सगळ्याच गेल्या, आणि उद्या खरंच काही आलं, तर हिला राखणार कोण?”



माई पुन्हा पाण्यात उतरल्या. जिथे पिंडी विरल्या होत्या, तिथेच वाकल्या, तळाशी हात घालून मूठभर गाळ वर काढला. पाणी निथळू दिलं. मग पायऱ्या चढून देवळाच्या कोपऱ्यात गेल्या. तिथे एका मोठ्या घमेल्यात सुकी माती पाण्यात बुडवून ठेवलेली होती. माईंनी मुठीतला गाळ तिच्यात टाकला आणि दोन्ही हातांनी कालवायला लागल्या, सावकाश, पीठ मळावं तसं, जुनं कुठलं आणि नवं कुठलं ते कळेनासं होईपर्यंत.

ऋजुता बघत राहिली. सगळ्या पेशी जात नाहीत. थोड्या राहतात, येऊन गेलेल्या रोगाची ओळख धरून, पुढच्या वेळेसाठी. त्यांना पुस्तकात एक शब्द आहे. तिला तो पाठ होता. तिने तो उच्चारला नाही...

माईंनी घमेल्यावर ओलं गोणपाट टाकलं. हात धुतले. जुईच्या गालावरचा चिखलाचा फराटा पदराने पुसला.

“उद्या सकाळी ये हिला घेऊन,” त्या म्हणाल्या. “माती भिजत घातलीय.”